साळसूद गाठ

स्तनातल्या गाठीचे फोटो वाचायला शिकणाऱ्या डॉक्टरला अगदी सुरुवातीला एक आडाखा पाठ होतो. गाठीच्या कडा वेड्यावाकड्या असतील, तिच्यातून चहूबाजूंना टोकदार रेघा निघत असतील, आजूबाजूचा भाग तिने स्वतःकडे ओढून घेतला असेल, तर संशय कर्करोगाचा. कडा गुळगुळीत असतील, आकार गोल किंवा लंबगोल असेल, शेजारच्या भागाला तिने नुसतं बाजूला सारलं असेल, तर गाठ बहुधा साधी. हा आडाखा बहुतेक वेळा खरा ठरतो, म्हणून तर तो टिकला आहे.

स्तनाच्या कर्करोगाचे काही दुर्मीळ प्रकार मात्र नेमके याच आडाख्यातून निसटतात. त्यांतला सगळ्यात साळसूद म्हणजे म्युसिनस कार्सिनोमा. स्तनाचा कर्करोग झालेल्या शंभर बायकांपैकी साधारण दोघींना, फार तर चौघींना तो असतो. बहुधा पाळी गेल्यानंतरच्या वयात आढळतो. सावकाश वाढतो, काखेतल्या गाठींपर्यंत सहसा उशिरा पोचतो आणि वेळेत काढला तर बहुसंख्य बायका त्यातून बऱ्या होतात. त्याचा शुद्ध प्रकार असलेल्या दहांपैकी नऊहून अधिक जणी दहा वर्षांनंतरही या आजाराच्या तावडीतून सुटलेल्या असतात. म्हणजे जिंकता येण्यासारखी लढाई. ती लांबते ती बऱ्याचदा एवढ्यासाठी, की फोटोत गाठ अगदी निरुपद्रवी दिसते आणि कोणीतरी म्हणतं, "घाबरू नका, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा."

मुंबई-पुण्यात 'सहा महिन्यांनी' याचा अर्थ सहा महिन्यांनी एवढाच होतो. तोरणमाळच्या पाड्यावर त्याचा अर्थ वेगळा होतो. म्हणून ही गाठ हाताला कशी लागते, एकेका यंत्रात कशी दिसते आणि शेवटी कुठे पकडली जाते, हे आपण डोंगरावरून खाली उतरत उतरतच पाहू.

पाड्यावर: बोटांना काय कळतं

तोरणमाळ नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. पर्यटकांना तिथला यशवंत तलाव, सीताखाई आणि महाशिवरात्रीची गोरक्षनाथाची यात्रा ठाऊक असते. भोवतीच्या डोंगरदऱ्यांत भिल्ल आणि पावरा कुटुंबांचे पाडे विखुरलेले आहेत. पुष्कळ घरं आपापल्या शेताशी, एकमेकांपासून लांब. पाड्यापासून गाडीरस्त्यापर्यंतची वाट बऱ्याच ठिकाणी पायी. चालता न येणाऱ्या माणसाला बांबूला झोळी बांधून खाली आणायची रीत सातपुड्यात अजून मोडलेली नाही. पुढे घाट उतरून शहादा पन्नासेक किलोमीटरवर आणि त्याच्या पुढे नंदुरबार.

समजा, अशाच एका पाड्यावर साठी ओलांडलेली एक आजी आहे. आजी कल्पनेतली आहे, वाट मात्र खरी आहे. आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, तिच्या घरी जाते ती तपासणीचा फॉर्म घेऊन. तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसासाठी भरायच्या या फॉर्ममध्ये बायकांना विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत: स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखा स्राव येतो का, स्तनाच्या आकारात बदल झाला आहे का. मोठ्या शहरात बऱ्याचदा न विचारला जाणारा प्रश्न इथे दारात येऊन विचारला जातो. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वयाच्या बाईचे स्तन दर पाच वर्षांनी प्रशिक्षित हातांनी तपासायचेही असतात.

हाताच्या तपासणीला कमी लेखू नये. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाखावर बायकांचा वीस वर्षं मागोवा घेतला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत होत्या, उरलेल्या वस्त्यांमध्ये फक्त माहिती दिली होती. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासलेल्या वस्त्यांमध्ये कर्करोग आधीच्या टप्प्यावर सापडत होता आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये असा फायदा दिसला नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पहिल्या तपासणीला मॅमोग्राफीचं यंत्र न वापरता, शिकलेल्या बोटांनी हे साधलं. आपल्या आजीचं वय या बोटांच्या कामाला अगदी बरोबर आहे.

पण म्युसिनस गाठ बोटांनाही चकवते. नेहमीची कर्करोगाची गाठ दगडासारखी टणक, एका जागी रुतलेली लागते. ही गाठ मऊसर, थोडी हलणारी लागते. कारण तिच्या पोटात आहे. या कर्करोगाच्या पेशी स्वतःभोवती म्युसिन नावाचा चिकट पदार्थ इतका सोडतात, की गाठीचा बराचसा भाग तोच व्यापतो. कापलेली गाठ हातात घेतली तर भेंडी चिरताना सुटते तशी बुळबुळीत तार तिच्यातून निघते. पेशी थोड्या, चिकट द्रव भरपूर. पुढच्या प्रत्येक यंत्रात ही गाठ जे सोंग घेणार आहे, त्याचं मूळ या एका गोष्टीत आहे. ते लक्षात ठेवलं की बाकीचं सगळं उलगडत जातं.

मॅमोग्राफी: पांढरं आणि काळं

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा खास एक्स-रे. छातीच्या साध्या एक्स-रेसाठी बहुधा शंभर किलोव्होल्टच्या आसपासचा दाब वापरतात, इथे साधारण २५ ते ३० चा. किरण जितके सौम्य, तितका मऊ ऊतींमधला फरक उठून दिसतो. चरबीतून ते सहज पार होतात, म्हणून चरबी काळसर दिसते. दुधाच्या ग्रंथी, पाणी, गाठ यांच्यात ते अडतात, म्हणून ते सारं पांढरट दिसतं.

गाठ हाताला लागली म्हणून घाट उतरून आलेली आजी यंत्रासमोर उभी राहते. तंत्रज्ञ मुलगी स्तन खालच्या पाटावर ठेवते आणि वरून पारदर्शक पाट हळूहळू खाली आणते. "आजी, थोडं दुखेल, पण लगेच सोडते. आता श्वास रोखून धरा." दाबायचं कारण साधं आहे. स्तन पसरला की एकमेकांवर पडलेले थर वेगळे होतात, फोटो हलत नाही आणि किरणही कमी लागतात. प्रत्येक बाजूचे दोन फोटो निघतात, एक वरून खाली, दुसरा तिरका, काखेपर्यंतचा भाग घेणारा.

नेहमीचा कर्करोग इथे ओळखू का येतो? कारण तो आजूबाजूच्या भागात घुसतो आणि शरीर त्याच्याभोवती धागेदार, जाड ऊती तयार करतं. त्या आकसतात, शेजारच्या भागाला खेचतात. फोटोत मधोमध पांढरा डाग आणि त्यातून निघालेल्या रेघा दिसतात. शिवाय काही कर्करोगांत चुन्याचे मिलिमीटरहून बारीक कण साचलेले दिसतात.

म्युसिनस गाठ घुसण्यापेक्षा ढकलते. आतला द्रव सगळीकडे सारख्या दाबाने फुगतो, त्यामुळे शेजारी बाजूला सरकतात आणि गाठीची कड गोल, गुळगुळीत राहते. धागेदार ऊती फारशा तयार होत नाहीत, म्हणून रेघाही नाहीत. आत बहुतांश पाणीदार द्रव असल्याने डाग फार पांढरा नसतो. पुष्कळदा तो शेजारच्या ग्रंथीइतकाच फिकट असतो. चुन्याचे कणही शुद्ध म्युसिनस गाठीत क्वचितच आढळतात. ग्रंथी दाट असलेल्या स्तनात तर ही गाठ मॅमोग्राफीत मुळीच न दिसण्याची शक्यता असते.

तरीही एखादा धागा सापडतो. फोटो मोठा करून कडेवरून नजर फिरवली, तर कुठेतरी कड बारीक बारीक फुगवट्यांची दिसते, कुठे ती शेजारच्या भागात विरघळल्यासारखी अस्पष्ट होते. गाठीत म्युसिन जितकं कमी आणि घट्ट पेशी जितक्या जास्त, तितकी कड बिघडत जाते. म्हणजे कडेचा तुटका भाग आतल्या मिश्रणाबद्दलही थोडं सांगून जातो. ज्या गाठीत म्युसिनखेरीज नेहमीच्या कर्करोगाचाही भाग असतो, त्या मिश्र गाठीची कड बहुधा जास्त वेडीवाकडी असते आणि ती वागतेही तशीच, जास्त आडमुठेपणाने.

सोनोग्राफी: आवाजाचा माग

सोनोग्राफीचं यंत्र लहान आहे, पण ते पाड्यावर पोचवणं सोपं नाही. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद व्हावी लागते आणि हातात धरून नेता येण्याजोगं यंत्रही नोंदणीकृत जागेच्या आत किंवा नियमांत बसणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येतं. मुलींच्या गर्भांसाठी हा कायदा हवाच. पण त्यामुळे गाठीसाठी सोनोग्राफी करायची तर डोंगर बहुधा बाईलाच उतरावा लागतो.

माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजाची वरची मर्यादा सेकंदाला २० हजार कंपनं. स्तनाच्या सोनोग्राफीत सेकंदाला एक कोटीच्या आसपास कंपनांचा आवाज वापरतात. स्तनावर जेल लावून प्रोब टेकवला की हा आवाज आत जातो आणि एका थरातून दुसऱ्या थरात शिरताना त्याचा काही भाग परत येतो. परतलेल्या आवाजावरून पडद्यावर चित्र उमटतं. पाण्याने भरलेल्या पिशवीत, म्हणजे सिस्टमध्ये, परत फेकायला काहीच नसतं, म्हणून ती काळीकुट्ट दिसते. आणि पाण्यातून जाताना आवाज दमत नसल्याने तिच्या मागचा भाग उजळ दिसतो. नेहमीच्या कर्करोगात उलटं घडतं. घट्ट, धागेदार गाठ आवाज शोषून घेते, तिच्या मागे सावली पडते.

म्युसिनस गाठीत द्रव भरपूर, म्हणून तिच्या मागे सावली पडत नाही, उजेड दिसतो. हे लक्षण सिस्टचं म्हणून सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. द्रवात विखुरलेल्या पेशींच्या पुंजक्यांवरून थोडा थोडा आवाज परत येतो, त्यामुळे ती पूर्ण काळी न होता करडी होते. हा करडेपणा बऱ्याचदा अगदी चरबीइतकाच असतो. वयस्क बाईच्या स्तनात ग्रंथी आटतात आणि चरबी वाढते. अशा चरबीच्या पुंजक्यांमध्ये चरबीच्याच रंगाची गोल गाठ लपून बसते. पडदा समोर असूनही ती नजरेतून निसटते.

इथे कामाला येतो तो प्रोब धरणाऱ्याचा हात. संशयित जागी प्रोब जागच्या जागी काटकोनात फिरवायचा. तो चरबीचा पुंजका असेल तर फिरवल्यावर लांबट होतो आणि शेजारच्या पुंजक्यांना जाऊन मिळतो. गाठ दोन्ही दिशांनी गोलच राहते. मग प्रोबने हलकेच दाबायचं. चरबी चपटी होते, गाठ तितकी होत नाही. डॉपलर लावून आत रक्तवाहिन्या आहेत का बघायचं. साध्या सिस्टच्या आत रक्तप्रवाह असूच शकत नाही. आणि आजीच्या बोटाला विचारायचं, "आजी, तुम्हाला नेमकी कुठे लागते? तिथे बोट ठेवा." बोट जिथे आहे, प्रोब तिथेच ठेवून पाहिलं तर गाठ चुकण्याची शक्यता बरीच कमी होते. या तपासणीत रुग्णाची भाषा समजणारं माणूस जवळ असणं यंत्राइतकंच मोलाचं आहे. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या आजीला मराठीतला प्रश्नही परका असतो.

अहवालातला आकडा

फोटोंनंतर अहवाल येतो आणि त्यात बाय-रॅड्स नावाचा एक आकडा असतो. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९० च्या दशकात ही पद्धत रूढ केली, आता ती जगभर वापरतात. शून्य म्हणजे आणखी फोटो हवेत. १ म्हणजे काहीच नाही. २ म्हणजे जे आहे ते नक्की साधं. ३ म्हणजे बहुधा साधं, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही, म्हणून थोड्या काळाने, बहुधा सहा महिन्यांनी, पुन्हा पाहावं. ४ म्हणजे संशयास्पद, सुईने तुकडा काढावा. ५ म्हणजे कर्करोगाची शक्यता ९५ टक्के किंवा जास्त. ६ म्हणजे तुकडा तपासून कर्करोग आधीच ठरला आहे.

सगळी गोम ३ आणि ४ यांच्यामधल्या भिंतीत आहे. गोल, गुळगुळीत, आडवी पसरलेली गाठ तरुण मुलीत असेल तर ती बहुधा फायब्रोअडेनोमा ही साधी गाठ, आणि ३ हा आकडा योग्य. फायब्रोअडेनोमा हा तारुण्यातला पाहुणा आहे. पाळी गेल्यानंतर जुना फायब्रोअडेनोमा आकसतो, त्यात चुन्याचे जाड गोळे साचतात. साठीत नवी गाठ यावी आणि ती फायब्रोअडेनोमा निघावी, असं क्वचितच घडतं. म्हणून फोटो सारखाच असला तरी वीस वर्षांच्या मुलीचा अहवाल आणि आजीचा अहवाल सारखा नसावा. नवी गाठ, वाढती गाठ, हाताला लागणारी गाठ, पाळी गेलेल्या बाईतली गाठ: यांतलं एकही कारण पुढे सुई घालण्याचा विचार करायला पुरेसं आहे, कड कितीही गुळगुळीत असली तरी.

एमआरआय: पाण्याचं चित्र

प्रत्येकीला एमआरआय लागतोच असं नाही. पण म्युसिनस गाठ एमआरआयमध्ये जितकी बोलकी होते तितकी दुसऱ्या कुठल्या यंत्रात होत नाही. एमआरआय शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजन कणांकडून चित्र काढतं. टी-टू नावाच्या चित्रप्रकारात पाणी चमकदार पांढरं दिसतं. बहुतेक कर्करोग या चित्रात मंद, करडे असतात. म्युसिनस गाठ लखलखीत पांढरी होते, कारण म्युसिन म्हणजे बहुतांशी पाणीच. साधी सिस्टही तशीच दिसते, हीच अडचण.

मग शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देऊन पुन्हा चित्रं घेतात. नेहमीचा कर्करोग हे औषध झटकन शोषतो आणि थोड्याच वेळात सोडूनही देतो. म्युसिनस गाठ ते सावकाश, कडेकडून आत आत घेत राहते. गोल चमकदार गाठीभोवती कड उजळते, आतल्या पातळ पडद्यांमध्येही थोडं औषध शिरतं. साध्या सिस्टच्या आत असं काहीच होत नाही. लखलखीत पांढरा गोल आणि त्याभोवती उजळलेली खडबडीत कड, हे चित्र एकदा नजरेत बसलं की विसरत नाही. पण औषध सावकाश घेणं आणि एमआरआयच्याच आणखी एका चित्रप्रकारात दिसणारी पाण्याच्या कणांची मोकळी हालचाल ही दोन्ही लक्षणं एरवी साध्या गाठीची म्हणून शिकवलेली असतात. त्यामुळे नुसते आकडे पाहणारा इथेही फसू शकतो.

सुई

फोटो संशय वाढवतात किंवा कमी करतात. निवाडा सुई देते. भूल देणारं इंजेक्शन टोचून, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, दाभणाएवढ्या जाड सुईने गाठीचे चार-पाच बारीक तुकडे काढतात. याला कोअर बायोप्सी म्हणतात. काम थोड्या मिनिटांचं, टाका लागत नाही, जागेवर पट्टी लावून काही वेळ दाबून धरलं की झालं. सिरिंजने नुसत्या पेशी ओढून घेण्यापेक्षा तुकड्यांतून माहिती कितीतरी जास्त मिळते.

सूक्ष्मदर्शकाखाली पॅथॉलॉजिस्टला दिसतात फिकट म्युसिनची तळी आणि त्यांत तरंगणारे पेशींचे पुंजके. गाठीचा ९० टक्क्यांहून जास्त भाग असा असेल तर ती शुद्ध म्युसिनस, कमी असेल तर मिश्र. अंतिम मोजमाप पूर्ण गाठ काढल्यावरच होतं, कारण चार तुकड्यांवरून अख्ख्या गाठीचा हिशेब मांडता येत नाही. पुढे त्याच तुकड्यांवर तीन चाचण्या होतात: ईआर आणि पीआर या हार्मोन-ग्राहकांच्या आणि हर-टू या प्रथिनाची. शुद्ध म्युसिनस गाठ बहुधा ईआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह असते. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर रोजची हार्मोनविरोधी गोळी तिच्यावर चांगली लागू पडते आणि पुष्कळ जणींना केमोथेरपीची गरज पडत नाही.

एक अडचण इथेही आहे. कधी तुकड्यात नुसतं म्युसिन येतं, पेशी एकही सापडत नाही. तेव्हा 'कर्करोग दिसला नाही' एवढंच वाचून घरी जायचं नसतं. पेशींचा पुंजका सुईच्या वाटेत आला नाही, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. अशी गाठ बहुधा पूर्ण काढून तपासतात. फोटो आणि बायोप्सी यांचा मेळ बसतो का, हे रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकमेकांशी बोलून पाहायचं असतं. मेळ बसत नसेल तर पुन्हा सुई.

याच वळणाच्या आणखी गाठी

म्युसिनस एकटी नाही. मेड्युलरी धाटणीचा कर्करोग बहुधा तरुण बायकांमध्ये येतो, बीआरसीए-वन जनुकातल्या दोषाशी त्याचं नातं आहे, आणि फोटोत तोही गोल, गुळगुळीत दिसतो. मेटाप्लास्टिक कर्करोग शंभरात एकीलाही होत नाही. त्याचीही कड बरीच नीट असू शकते, मात्र तो झपाट्याने वाढतो. तीन महिन्यांत दुप्पट झालेली गोल गाठ साधी म्हणून सोडता येत नाही, ती यामुळेच.

इन्फ्लमेटरी प्रकार याच्या अगदी उलट फसवतो. तिथे गाठ बहुधा लागतच नाही. स्तन लाल, गरम, सुजलेला होतो, कातडी जाड होऊन तिच्यात बारीक खळगे पडतात. कर्करोगाच्या पेशींनी कातडीतल्या लसीकावाहिन्या तुंबवलेल्या असतात, त्यामुळे पाणी साचतं. मॅमोग्राफीत पुष्कळदा डाग नसतो, फक्त जाडावलेली कातडी आणि पांढुरका, धूसर स्तन दिसतो. अंगावर पाजणारी बाई असेल तर ती गळूवरचे उपचार घेत राहते. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करूनही लाली उतरली नाही, तर कातडीचा तुकडा तपासायलाच हवा, कारण हा प्रकार आठवड्यांच्या हिशेबाने पुढे सरकतो.

सहा महिने म्हणजे किती

आता आजीकडे परत येऊ. समजा, तिच्या अहवालावर ३ हा आकडा पडला आणि सहा महिन्यांनी यायला सांगितलं. सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि मजुरीला खाली उतरतात, गुजरातेत जातात, कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, आणि होळीच्या सुमाराला परततात. आजी एक तर त्यांच्यासोबत जाते किंवा मागे राहिलेल्या नातवंडांना सांभाळते. पावसाळ्यात घाट आणि ओढे वाट अडवतात. मग पेरणी. सहा महिन्यांची तारीख या चक्रात कुठेच बसत नाही. दुसऱ्या खेपेला पुन्हा भाडं, पुन्हा सोबतीला एक कमावतं माणूस, पुन्हा बुडालेली मजुरी. जिच्या गाठीत दुखत नाही, वाढ सावकाश आहे आणि डॉक्टरांनीच "बहुधा साधी" म्हटलं आहे, ती कशाला जाईल?

सहा महिन्यांनी पाहण्याची पद्धत जिथे तयार झाली, तिथे बाईला वेळेवर परत बोलावणारी पत्रं, फोन आणि जवळचं रुग्णालय असतं. ते सगळं गृहीत धरूनच ती सुरक्षित ठरते. ते नसेल तर तिच्या सुरक्षिततेचा आधारच जातो. म्हणून डोंगरावरून आलेल्या, पाळी गेलेल्या बाईच्या नव्या गाठीबाबत मला वाटतं ते असं: फोटोचा चेहरा कितीही शांत असो, आजी त्या खेपेला खाली असतानाच सुई घालावी. बायोप्सीचा खर्च आणि त्रास दुसऱ्या फेरीच्या खर्चापुढे आणि त्रासापुढे थोडा आहे.

हे अशक्य नाही. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला तेव्हाची आणि आजची स्थिती एक नाही. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नंदुरबार सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर असल्याने पुष्कळ रुग्ण सुरतेलाही जातात. कर्करोग ठरल्यावर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत नोंद असलेल्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांची सोय आहे. मोठं कोडं असेल तर परळचं टाटा मेमोरियल आहेच. अडचण उपचारांच्या टोकाला कमी आणि निदानाच्या मधल्या टप्प्यावर जास्त आहे: मॅमोग्राफी एका दिवशी, सोनोग्राफी दुसऱ्या, बायोप्सी तिसऱ्या आणि अहवाल घ्यायला चौथ्या दिवशी. प्रत्येक दिवसामागे एक घाट आहे.

म्हणून आशाताईने आजीसोबत द्यायच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी मोठ्या अक्षरांत असाव्यात. पहिली, वय आणि पाळी कधी गेली. दुसरी, गाठ कधी लागली आणि तेव्हापासून वाढली का. तिसरी, पुन्हा येणं कठीण आहे, शक्य असेल तर तपासण्या आणि बायोप्सी एकाच खेपेत कराव्यात. रेडिओलॉजिस्टला फोटोत न दिसणारी ही माहिती आहे आणि ३ की ४ हे बऱ्याचदा तीच ठरवते. बायोप्सीचा अहवाल आजीच्या हातात देण्यापेक्षा उपकेंद्रातल्या सिस्टरच्या फोनवर पोचला तर चौथा घाट वाचतो. अहवालात कर्करोग निघाला तर शस्त्रक्रियेची तारीख ऊसतोडीच्या आधी पक्की करावी. साधी गाठ निघाली तर तेही आजीला तिच्या भाषेत सांगावं, म्हणजे पुढच्या वेळी शेजारीण खाली उतरायला कचरणार नाही.